गुरुवारचा गुडघा

४ मार्च, मंगळवार

धाकटीस,

आशीर्वाद लिहावयास लेखणी टेकवली आणि उचलली. दोन वर्षे जिने आपल्या सख्ख्या थोरल्या बहिणीशी एक अक्षर बोलणे टाळले, तिला आशीर्वाद पोचतात की वाटेतूनच परततात, याचा निर्णय मी वाचलेल्या कोणत्याही ग्रंथात सापडत नाही. म्हणून नुसतेच संबोधन.

पत्राचे कारण व्यवहाराचे आहे, भावनेचे नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या या तीन खोल्या एका माणसाने सांभाळण्याजोग्या राहिलेल्या नाहीत. माझी प्रकृती उत्तम आहे. दृष्टी शाबूत आहे; छापखान्यातून अजूनही दर आठवड्याला धर्मग्रंथांची मुद्रिते तपासावयास येतात, आणि चौऱ्याहत्तराव्या वर्षीही माझ्या नजरेतून अनुस्वार निसटत नाही. केवळ उजवा गुडघा मधूनमधून कुरकुरतो. चार दिवस काही नसते, पाचव्या दिवशी जिना उतरताना आत कोणी खिळा फिरवावा तसे होते, पुन्हा दोन दिवसांनी काही नाही. परवा कठडा धरून उतरत होते, तर तळमजल्यावरचा शिंपी दुकानातून ओरडला, "ताई, अशा आडव्या आडव्या काय उतरताय? खेकडा चावला की खेकडाच झालात?" चोपन्न पायऱ्या मी त्या दिवशी प्रथम मोजल्या.

तू परत यावेस. झाले गेले विसरावयास मी तयार आहे.

एक मात्र स्पष्ट लिहिते, नाहीतर तू या पत्राचा भलता अर्थ लावशील. त्या गुरुवारी बारा श्रोत्यांसमोर आणि भाच्यासमोर मी जो तक्ता वाचून दाखवला, त्यातील एक अक्षरही खोटे नव्हते. सहा महिने मी रोजच्या रोज टिपले होते: आज घरात काय झाले, आणि आज तुझा गुडघा दुखला की नाही. सव्वीस गुरुवारांपैकी चोवीस गुरुवारी तो दुखला. आणि गुरुवार हाच आपल्याकडे ग्रंथवाचनाचा दिवस. श्रोत्यांना चहा करायचा, दोन तास सतरंजीवर बसायचे, नेमका त्याच दिवशी. शुक्रवारी संध्याकाळी तू बाजारात टुणटुणीत. यावरून जो निष्कर्ष कोणीही काढील तोच मी काढला. "आमच्या धाकटीचा गुडघा नास्तिक आहे," असे मी म्हणाले, लोक हसले, आणि तिसऱ्या दिवशी तू भाच्याच्या घरी निघून गेलीस. विनोदावर इतका राग बरा नव्हे.

माझ्या दुखण्याची तुझ्या दुखण्याशी तुलना करू नयेस. माझे खरे आहे.

भाच्याचा मागच्या महिन्यात फोन आला होता. तुझ्याविषयी काही विचारत होता. मी योग्य ते उत्तर दिले.

ताई

१९ मार्च, बुधवार

धाकटीस,

उत्तर नाही. अपेक्षाही नव्हती.

डॉक्टरांकडे जाऊन आले. ज्या सकाळी जायचे ठरले त्या सकाळी गुडघ्याने तोंडातून ब्र काढला नाही. डॉक्टरांनी तो वाकवला, फिरवला, दाबला. "इथे दुखतं?" नाही. "इथे?" नाही. "मग दुखतं तरी कुठे?" मी म्हणाले, "आज दुखत नाही." त्यांनी मान वर न करता "बरं" म्हटले, आणि त्या एका शब्दात जे होते ते ऐकून माझे कान तापले. एका परिचारिकेने दुसऱ्या परिचारिकेकडे पाहिले. ही बाई खोटे बोलत असावी, असे माझ्याकडे पाहून आजवर कोणाच्या मनात आले नव्हते. एक्स-रेमध्ये वयाला शोभेल एवढीच झीज निघाली. "फोटोवरून दुखणं मोजता येत नाही, आजी. झीज फार असलेले हिंडतात आणि थोडी असलेले रडतात," असे म्हणून त्यांनी मला व्यायाम शिकवणाऱ्या बाईंकडे धाडले.

या बाई तिशीच्या आहेत. केस आखूड, बोलणे त्याहून आखूड.

"काय करता दिवसभर?"

"मुद्रिते तपासते."

"कशावर बसून?"

"जमिनीवर. मांडी घालून, पुढ्यात उतरते मेज. चार तास बैठक मोडत नाही."

"वा! आणि गुडघ्याला विचारलंत कधी?"

देह नश्वर आहे, त्याच्या कुरकुरीकडे साधकाने लक्ष देऊ नये, असे मी तिला सांगितले. "हे कुणी सांगितलं?" म्हणाली. मी म्हणाले, सांगणाऱ्यांची गणती नाही. ही शिकवण मी स्वतः किमान दोनशे वेळा तपासून छापावयास पाठवली आहे.

"तपासून झाली ना? मग आता खुर्ची घ्या."

तिने खुर्ची सांगितली, दर अर्ध्या तासाने उठणे सांगितले. पाठीवर निजून, पाय सरळ ठेवून वीतभर उचलायचा आणि दहा आकडे धरायचा. हातांचा टेकू न घेता खुर्चीतून उठायचे, बसायचे. काठी दुखऱ्या पायाच्या उलट हातात. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा. मांडीच्या स्नायूला बळ आले की गुडघ्याचा भार तो उचलतो, असे तिचे म्हणणे. आणि एक वही घालावयास लावली: डावीकडे त्या दिवशी काय केले, उजवीकडे गुडघा काय म्हणाला. "दुखलं म्हणून पडून राहू नका, आणि बरं वाटलं म्हणून उड्याही मारू नका. येतं-जातं दुखणं आहे. कशानं येतं ते आधी शोधू."

टिपणे कशी ठेवावीत हे मला कोणी शिकवण्याची गरज नाही, हे तुझ्याइतके कोणाला ठाऊक असणार?

ताई

९ एप्रिल, बुधवार

धाकटीस,

तीन आठवड्यांची वही भरली आणि तिच्यातून काहीही निष्पन्न होत नाही. ज्या दिवशी हट्टाने जमिनीवर चार तास बसले, त्या दिवशी गुडघा शांत. ज्या दिवशी खुर्चीत राणीसारखी बसले, त्या दिवशी ठणका. बाईंना म्हटले, तुमचे शास्त्र उलटे चालते. त्या म्हणाल्या, "अजून थोडं लिहा. घाई काय आहे?" त्यांनाच कळत नसावे.

आज मात्र सांगण्याजोगे घडले. तू गेल्यापासून छापखान्याचा शिपाई दर बुधवारी मुद्रितांचा गठ्ठा वर आणून देत असे. तो नोकरी सोडून गेला. तेव्हा मी स्वतः गेले. छापखाना तसाच आहे. तोच शाईचा वास, तीच पायांखाली चुरगळणारी कातरणे. व्यवस्थापकांनी गठ्ठा हातांत दिला तेव्हा माझे खांदे खाली आले. तो छातीशी कवळून मी चोपन्न पायऱ्या चढले. दोनदा दम खाल्ला, हे मान्य करते. पण गुडघा? एक शब्द नाही. आता संध्याकाळचे सहा वाजले आहेत, पाय सरळ करून, वाकवून पाहते आहे, काही नाही.

तू हेच काम साठी उलटल्यावरही करीत होतीस आणि गठ्ठ्याबद्दल कधी तक्रार केली नाहीस, हे मी नाकारीत नाही. म्हणजे तुला गठ्ठा जड नव्हता. जड होता तो गुरुवार. मी काढलेला निष्कर्ष आज मी स्वतःच्या पायांनी सिद्ध केला, असे समज.

ताई

१० एप्रिल, गुरुवार

धाकटे,

आज सकाळी पलंगावरून पाय जमिनीला टेकवला आणि तसाच वर उचलला. गुडघा इतका सुजला होता की त्याची वाटी दिसेनाशी झाली होती.

श्रोते आले. भिंत धरून सतरंजीपर्यंत गेले, कशीबशी बसले, वाचले. समाप्तीनंतर उठता येईना. एक हात मेजावर, एक भिंतीवर. दोनदा उठले, दोनदा बसले. पहिल्या रांगेत बसणारे निवृत्त मुख्याध्यापक मोठ्याने म्हणाले, "काय ताई, तुमचाही गुडघा नास्तिक झाला वाटतं!" सगळे हसले. वाईट हेतूने नव्हे. माझेच वाक्य त्यांना दोन वर्षे आवडून राहिले होते, इतकेच. त्या दिवशी तुझा चेहरा कसा झाला होता, हे मी आठवून पाहिले. आठवेना. मी तुझ्याकडे पाहिलेच नव्हते. मी तक्त्याकडे पाहत होते.

ते गेल्यावर वही काढली.

छापखान्यात नव्या मुलींना मी पहिल्या दिवशी काय शिकवीत असे? मूळ प्रत डावीकडे, मुद्रित उजवीकडे, दोन्हींवर पट्टी, आणि ओळीसमोर तीच ओळ. एखाद्या पानावर एकाएकी प्रत्येकच ओळ चुकीची दिसू लागली, तर अक्षरे जुळवणाऱ्याच्या नावाने बोटे मोडू नका. वर जाऊन पाहा, कुठेतरी एक ओळ सरकलेली असते. हे मी चाळीस वर्षे शिकवले. आज उजवीकडची पट्टी एक ओळ खाली घेतली, आणि वही शुद्ध निघाली. आज जमिनीवरची बैठक, उद्या ठणका. काल गठ्ठा, आज सूज. तीन आठवड्यांत एकही अपवाद नाही.

बाईंना फोन केला. "सापडलं ना?" त्या म्हणाल्या. "पुष्कळांचा गुडघा आज मुकाट ऐकून घेतो आणि उद्या बोलतो. आता दोन दिवस जिना बंद, फडक्यात बर्फ गुंडाळून लावा. ताप आला किंवा पाय टेकवताच येईना, तर मात्र थेट डॉक्टरांकडे."

फोन ठेवला आणि तुझा तक्ता काढला. चोवीस गुरुवार. चोविसांच्या वरच्या ओळीत चोवीस बुधवार, आणि प्रत्येक बुधवारी माझ्याच हातचे: 'मुद्रिते आली.' आली! जणू ती आपल्या पायांनी जिना चढून आली. उरलेले दोन गुरुवार त्या आठवड्यांतले, जेव्हा यंत्र बिघडून छापखाना बंद होता. त्या दोन्ही गुरुवारी तू दोन तास सतरंजीवर बसलीस, आणि पुढे माझा शेरा आहे: 'आज काही दुखले नाही. मनात आणले तर जमते.'

ताई

२७ एप्रिल, रविवार

धाकटे,

मागच्या पत्रात मी सत्य लिहिले, परंतु पूर्ण लिहिले नाही. अर्धे सत्य तपासून पूर्ण म्हणून पुढे पाठवणे हा आमच्या व्यवसायातला सर्वांत मोठा अपराध आहे, म्हणून उरलेले लिहिते.

फेब्रुवारीत भाच्याने फोनवर विचारले होते, "मोठी आत्या, धाकट्या आत्याला डॉक्टरांनी म्हणे जिना बंद सांगितलाय. खालची खोली मागतेय ती. तिथे मी ऑफिस थाटतोय. खरंच एवढं दुखतं का हो तिला?"

'योग्य ते उत्तर' असे मी तुला लिहिले होते, ते हे: "त्या गुरुवारी तू समोर होतास ना? मग मला काय विचारतोस?" तेवढ्यावर मी थांबले नाही. शिंप्याच्या मोबाइलवर त्या तक्त्याचा फोटो काढवून घेतला आणि भाच्याला पाठवला. शिंपी म्हणाला, "ताई, घरातला कागद घरात राहू द्या की." मी त्याला आपल्या सुईदोऱ्याशी काम ठेवावयास सांगितले.

का पाठवला, हेही लिहिते. तिथे तुझे हाल झाले म्हणजे तू माझ्याकडे परत येशील, असा माझा हिशेब होता. देवापुढे हात जोडताना हा हिशेब मी बाजूला ठेवत असे आणि जपमाळ खाली ठेवली की पुन्हा उचलीत असे.

परवा भाच्याच्या बायकोशी, सूनबाईंशी, बोलले. तू अजून वरच्याच खोलीत आहेस. बसून, एकेक पायरी सरकत खाली येतेस. व्यायामाला नेणारे कोणी नाही, कारण "आत्याचं येतं-जातं, ते काही खरं नसतं" असे घरात ठरून गेले आहे. पाहुणे आले की भाचा मोबाइलमधला तो फोटो दाखवतो, हेही त्यांनीच सांगितले. सांगताना त्यांना हसू आवरत नव्हते.

मी भाच्याला सविस्तर पत्र लिहिले. ओळ कशी सरकली, चोवीस बुधवार कुठे आहेत, सारे क्रमवार. त्याचा फोन आला: "मोठी आत्या, आता कपाटं बसलीत, वीजवाला येऊन गेला. आणि तुम्ही आधी एक लिहून देता, मग दुसरं. उद्या तिसरं लिहाल. मी कशावर विश्वास ठेवायचा?"

मला राग आला नाही. कागदावर उतरलेले ते खरे, ही शिकवण त्याला लहानपणी मीच दिली. माझ्या दुसऱ्या कागदाला माझ्या पहिल्या कागदानेच हरवले. तेव्हा आता कागद नको. गुडघ्याची सूज उतरली आहे, बाईंनी जिना उतरण्याची परवानगी दिली आहे. मी येते आहे. तुला भेटावयास नव्हे. तसा माझा अधिकार नाही. त्याच्या घरात, त्याच्या माणसांसमोर बोलावयास.

ताई

१२ मे, सोमवार

धाकटे,

काल जे झाले ते तू पाहिलेस, तरी लिहिते. तुझ्या विरुद्धचे सारे माझ्या अक्षरात नोंदलेले आहे. माझ्या विरुद्धचेही असावे.

सूनबाईंनी खुर्ची पुढे केली. मी बसले नाही. भाचा होता, सूनबाई होत्या, त्यांचे वडील आले होते. तू जिन्याच्या तळाशी कठडा धरून उभी होतीस. पुष्कळ वाक्ये रचून आणली होती, प्रत्यक्षात एवढेच आले: "तो कागद चुकीचा आहे. तिचा गुडघा दुखतो. मी सहा महिने तिच्याकडून ओझी वाहवून घेतली आणि ती लंगडते म्हणून तिला हसले."

"अहो पण आत्या, तुम्हीच तर तारखा लावून..." भाचा म्हणाला.

"तारखा बरोबर आहेत. मी चुकीची आहे."

सूनबाईंचे वडील घसा खाकरून म्हणाले, "माझंही असंच आहे बरं का. इथे येताना काही नसतं, घरी गेलो की दुसऱ्या दिवशी बोंब." सूनबाई चटकन म्हणाल्या, "बाबा, मग बोलला का नाहीत कधी?" ते म्हणाले, "तो फोटो पाहिल्यावर कोण बोलणार?" त्या क्षणी भाच्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. माझ्या सांगण्याने नव्हे, हे मी नोंदवून ठेवते. खालची खोली आठवडाभरात रिकामी करतो, असे तो पुटपुटला, आणि मोबाइल काढून काहीतरी पुसून टाकले.

मला वाटले, आता तू माझ्याकडे पाहशील. तू व्हरांड्यात गेलीस. मी काठी टेकत मागे आले. बराच वेळ तू कुंडीतली सुकलेली पाने खुडत होतीस.

मग म्हणालीस, "ताई, तू एवढ्या लांब आलीस, चारचौघांत बोललीस. बरं केलंस. पण मला एक सांग. तुझा गुडघा दुखला नसता, तर?"

मी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"मी तेव्हा सांगत होते ना, दुखतंय म्हणून? रोज सांगत होते. तेव्हा तुला पुरावा हवा होता. आताही पुरावा मिळाला म्हणून आलीस. तू माझ्यावर विश्वास नाहीच ठेवलास. तू तुझ्या गुडघ्यावर ठेवलास."

धाकटे, ज्ञानाची साधने किती आणि कोणती, यावर मी तासन् तास बोलले आहे. डोळ्यांनी पाहिलेले, तर्काने जाणलेले, आणि विश्वासू माणसाच्या शब्दावरून स्वीकारलेले. हजारो वर्षांपूर्वी होऊन गेलेल्या, न पाहिलेल्या ऋषींचे शब्द मी डोळे मिटून स्वीकारले. स्वयंपाकघरातून आलेला तुझा शब्द मात्र मी तपासावयास घेतला.

"परत ये" असे म्हणावयास मी तोंड उघडले. "तिसरा मजला," तू म्हणालीस. मला वाटते, तेवढेच कारण नव्हते.

निघताना तू म्हणालीस, "पत्रं लिहायची तर लिही. पण गुडघा नको त्यात. माझा नको, तुझाही नको. दिसला की फाडून टाकीन." मी कबूल केले. हे त्या विषयावरचे शेवटचे पत्र. तू फाडलेस तरी चालेल.

ताई

२५ मे, रविवार

धाकटे,

तुझी अट पाळून लिहावयास बसले आणि तीन दिवसांत चार कागद वाया गेले.

प्रारंभी वाटले, काय अवघड आहे? एका छपराखाली चाळीस वर्षे राहिलेल्या बहिणीला लिहावयाचे. परंतु प्रत्येक वाक्य दोन शब्दांवर थांबते. तू किती वाजता उठत होतीस, ते मला ठाऊक आहे, कारण मला सहाला गरम पाणी लागे. तू चहा किती उकळत होतीस ते ठाऊक आहे, कारण तो मी पीत होते. बाजारातून किती वेळात येत होतीस ते ठाऊक आहे, कारण मी घड्याळ पाहत होते. हे सारे माझे वेळापत्रक आहे. त्यात तुझे काही नाही. तुझी मैत्रीण होती का? तुला कशाची भीती वाटत असे? आई गेली त्या वर्षी तू कोणापाशी रडलीस? माझ्यापाशी नाही, एवढेच निश्चित सांगता येते.

मला आधी तुझा राग येत होता, मग स्वतःचा आला. आता जे वाटते त्याला शब्द सापडत नाही, आणि शब्द न सापडण्याची मला सवय नाही.

फार आठवल्यावर एकच गोष्ट सापडली. दुपारी भांडी घासताना तू काहीतरी गुणगुणत असायचीस. रोज तेच. माझे मुद्रितावरचे लक्ष विचलित होई, म्हणून मी उठून मधले दार लावून घेत असे. एकदाही ऐकून घेतले नाही.

ते काय होते, तेवढे कळव.

ताई